पाय कुठे टेकला होता? बास्केटबॉलमध्ये पंच 'बाहेर' कसं ठरवतात

साइडलाइनजवळ, म्हणजे मैदानाच्या लांब बाजूच्या सीमारेषेजवळ, शिट्टी वाजली की दोन्ही बाजूंनी एकदम ओरड होते. एकीकडून "लाइनवर पाय होता!", दुसरीकडून "त्याने ढकललं, ते नाही दिसलं?" दोघांचीही पक्की खात्री असते आणि पुष्कळदा दोघंही नियमातला नेमका मुद्दा सोडून भांडत असतात. 'आउट' हा शब्द आपण सरसकट वापरतो. पंचाला मात्र त्या अर्ध्या सेकंदात तीन वेगळे प्रश्न सोडवायचे असतात. खेळाडू बाहेर आहे का? चेंडू बाहेर गेला का? गेला असेल तर कोणामुळे? पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'हो' आलं एवढ्यावर शिट्टी वाजवता येत नाही.

बास्केटबॉलमध्ये खेळाडूने मैदानाबाहेर जाणं हा आपोआप नियमभंग होत नाही, ही गोष्ट आधी मनात पक्की करायला हवी. वेग आवरला नाही म्हणून खेळाडू बाहेर जातात, चेंडू वाचवताना खुर्च्यांवर जाऊन पडतात, लेअप, म्हणजे धावत जाऊन बास्केटजवळून उडी मारत घेतलेला फटका, मारून बास्केटच्या खांबापर्यंत धावत जातात. हे सगळं खेळाचाच भाग आहे. बाहेर असताना चेंडूला स्पर्श झाला, किंवा बाहेर जाण्याचा उपयोग करून कोणी एखादा नियम चुकवला, तर मात्र पंच मध्ये पडतो.

आणखी एक खुलासा सुरुवातीलाच करायला हवा. भारतातल्या अधिकृत स्पर्धा फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या नियमांनी होतात. आपली मुलं मात्र सकाळी एनबीए, म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक लीग, बघतात, दिवसभर मोबाइलवर अमेरिकी शाळा-कॉलेजांचे व्हिडिओ बघतात आणि संध्याकाळी फिबाच्या नियमाने खेळतात. बाहेर जाण्याबद्दल या सगळ्यांचे नियम मुळात सारखे असले, तरी काही ठिकाणी चांगलेच वेगळे आहेत. निम्मे वाद तिथूनच सुरू होतात. खाली जिथे वेगळं काही म्हटलेलं नाही तिथे १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेले फिबाचे नियम धरावेत.

रेषा बाहेरची आहे

टेनिस, बॅडमिंटन किंवा व्हॉलीबॉलमध्ये चेंडू रेषेवर पडला तर तो आत धरतात. बास्केटबॉलमध्ये उलट आहे. मैदान २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद असतं आणि ही मापं सीमारेषेच्या आतल्या कडेपासून घेतात. म्हणजे ५ सेंटिमीटर रुंदीची ती पांढरी पट्टी मैदानात मोजलेलीच नाही. रेषेला बुटाचं टोक लागलं तरी खेळाडू बाहेर. 'अर्धा पाय आत होता' हा युक्तिवाद म्हणूनच चालत नाही. शरीराचा कुठलाही भाग रेषेला किंवा रेषेपलीकडच्या जमिनीला टेकला की पुरे. मग तो पाय असो, खाली पडताना टेकवलेला हात असो की गुडघा.

पण इथे 'टेकला' हा शब्द फार महत्त्वाचा आहे. रेषेच्या वर हवेत असलेली टाच बाहेर नसते. कोपऱ्यात उभा राहून तीन गुणांचा फटका मारणारा खेळाडू चवड्यांवर असतो. त्याची टाच रेषेच्या वर तरंगत असली तरी जमिनीला लागेपर्यंत तो आतच आहे. स्पोर्ट्स शूजचा तळ टोकाला आणि टाचेला वर वळलेला असतो, त्यामुळे वरून बघणाऱ्याला बूट रेषेवर आल्यासारखा दिसतो आणि प्रत्यक्षात तळ दोन बोटं अलीकडे टेकलेला असतो. गॅलरीत बसलेल्याला हे दिसणं शक्य नाही. पंचही लांबून आणि तिरक्या कोनातून बघत असेल तर फसतो. रेषेचा निर्णय द्यायचा असेल तर रेषेच्या सरळ रोखाने बघावं, बूट आणि रेषा यांच्यामध्ये जमिनीची फट दिसते का ते पाहावं, आणि फट बुजल्याचं खात्रीने दिसलं तरच शिट्टी वाजवावी. 'लागला असेल' म्हणून वाजवलेली शिट्टी वाईट.

कोपऱ्याबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. फिबाच्या मैदानावर तीन गुणांची रेषा कोपऱ्यात साइडलाइनपासून अवघ्या ९० सेंटिमीटरवर असते. एनबीएत ही पट्टी ३ फुटांची, म्हणजे जवळपास तेवढीच. मोठ्या खेळाडूचा बूट तीस सेंटिमीटरच्या पुढे जातो. मागे सरकत, चेंडूकडे बघत, खाली न पाहता दोन्ही पाय त्या पट्टीत बसवणं ही एक स्वतंत्र कला आहे. १८ जून २०१३ रोजी एनबीए अंतिम मालिकेच्या सहाव्या सामन्यात मायामीच्या रे ॲलनने सॅन अँटोनिओविरुद्ध ५.२ सेकंद बाकी असताना कोपऱ्यातून ९५-९५ अशी बरोबरी केली, तो फटका पाहताना चेंडूऐवजी एकदा त्याचे पाय बघा. उलट्या पावलांनी तो मागे गेला आणि पुढे तीन गुणांची रेषा, मागे आणि बाजूला सीमारेषा अशा चिंचोळ्या जागेत त्याचे दोन्ही पाय बरोबर बसले. बूटभर मागे सरकला असता तर गुण तर नाहीच, चेंडूही गेला असता.

हवेतला खेळाडू कुठे असतो?

फिबाच्या नियमपुस्तकातलं कलम ११ छोटंसं आहे, पण बाहेर-आतचे बहुतेक पेच तेच सोडवतं. खेळाडूचं स्थान तो जमिनीला कुठे टेकला आहे त्यावरून ठरतं. तो हवेत असेल तर उडी मारण्यापूर्वी शेवटचा जिथे टेकला होता, तिथेच तो अजून आहे असं धरतात.

यातून दोन गोष्टी निघतात. खेळाडूने आतून उडी मारली, सीमारेषेच्या पलीकडे हवेत चेंडू पकडला आणि जमिनीला टेकायच्या आत तो मैदानात परत फेकला, तर खेळ चालू राहतो. त्याचं सगळं शरीर रेषेच्या बाहेर होतं, चेंडूही बाहेर होता, पण नियमाच्या हिशेबात दोघंही आत. क्रिकेटमध्ये सीमारेषेवरचा क्षेत्ररक्षक हवेतून चेंडू आत ढकलतो ते दृश्य आठवलं तर हे चटकन समजेल. आता याच्या उलट पाहा. बाहेर उभा असलेला खेळाडू तिथून उडी मारून आत झेपावला आणि मैदानाच्या वर हवेत त्याने चेंडूला हात लावला. शरीर आत, चेंडू आत, तरी चेंडू बाहेर गेला असं धरायचं, कारण तो खेळाडू अजून शेवटच्या टेकलेल्या जागी, म्हणजे बाहेरच आहे. प्रेक्षकांना हा निर्णय अन्यायाचा वाटतो. पंचाने शांतपणे पायाकडे बोट दाखवावं आणि खेळ पुढे न्यावा.

चेंडूबाबतही हाच हिशेब आहे. रेषेवरून हवेत बाहेर गेलेला चेंडू जोपर्यंत बाहेरच्या जमिनीला, वस्तूला किंवा बाहेर असलेल्या माणसाला लागत नाही, तोपर्यंत जिवंत असतो. पंचाने घाईने शिट्टी तोंडाकडे नेऊ नये. चेंडू वाचवायला झेपावणाऱ्या खेळाडूच्या मेहनतीवर अशी शिट्टी पाणी फिरवते.

आत यायला एक पाय पुरतो

बाहेर गेलेला खेळाडू पुन्हा 'आत' कधी होतो, याबद्दल जवळजवळ प्रत्येक कोर्टवर एक चुकीची समजूत असते: दोन्ही पाय आत टेकायला हवेत. तसं नाही. एक पाय आत टेकला आणि शरीराचा दुसरा कुठलाही भाग बाहेर टेकलेला नसला, तर खेळाडू आत आला. दुसरा पाय हवेत असला तरी चालतं. धावत परत येणाऱ्या खेळाडूचं पहिलं पाऊल आत पडलं, मागचं बाहेरून उचललेलं आहे, त्या क्षणी तो चेंडू घेऊ शकतो. एक पाय आत आणि एक अजून रेषेवर असेल तर मात्र बाहेर.

दोन पायांची अट कुठून आली असेल याचा अंदाज करता येतो. बास्केटखालच्या रंगवलेल्या भागातून, म्हणजे तीन सेकंदांच्या क्षेत्रातून, बाहेर पडल्याचं मानायला खरोखरच दोन्ही पाय बाहेर टेकावे लागतात. तो नियम सीमारेषेला चिकटवला गेला असावा.

चेंडू वाचवून आत फेकणारा खेळाडू बाहेर पडला, उठला, आत आला आणि त्याच चेंडूला पहिला हात त्यानेच लावला, तर? चालतं. चेंडू वाचवताना झेपेमुळे बाहेर जाणं ही कुठल्याच नियमपुस्तकात चूक नाही. फक्त आत येताना वरचा एका पायाचा हिशेब पूर्ण झालेला असावा.

ड्रिबल करणाऱ्याचा, म्हणजे चेंडूला टप्पे देत नेणाऱ्याचा, पाय रेषेला लागला, पण त्या क्षणी चेंडू हात आणि जमीन यांच्यामध्ये होता, हा प्रश्न जरा नाजूक आहे. फिबाच्या व्याख्येनुसार बाहेर असलेल्या खेळाडूचा स्पर्श झाला की चेंडू बाहेर जातो. म्हणजे पाय बाहेर टेकलेला असणं आणि हात चेंडूला असणं या दोन गोष्टी एकाच वेळी जुळाव्या लागतात. प्रत्यक्षात त्या जवळजवळ नेहमीच जुळतात, कारण पाय उचलण्याआधी चेंडू हाताला परत येतो. अमेरिकेतल्या शाळांच्या नियमात मात्र हे वेगळं लिहून ठेवलं आहे: ड्रिबल करणारा रेषेवर किंवा बाहेर पाय ठेवतो तेव्हा चेंडू हातात नसला तरी नियमभंग होतो.

चेंडूला कोण, काय लागलं

काही गोष्टी इथे भरभर सांगून टाकू. बॅकबोर्डची, म्हणजे बास्केटमागच्या फळीची, मागची बाजू आणि त्याला धरणारा सांगाडा हे बाहेर. समोरची बाजू आणि कडा मात्र खेळात. फिबात चेंडू बॅकबोर्डच्या वरून गेला तर काही हरकत नाही. एनबीएत चेंडू बोर्डच्या थेट मागून गेला तर तो बाहेर धरतात, त्यामुळे एनबीए पाहून बोर्डामागून गेलेला चेंडू बाहेर धरणाऱ्या मुलांचा आणि पंचाचा इथे हमखास खटका उडतो. चेंडू पंचाला लागला तर पंच ज्या जागी उभा आहे त्या जमिनीला लागल्यासारखा. पंच आत असेल तर खेळ चालू, रेषेबाहेर असेल तर चेंडू बाहेर. ड्रिबलचा चेंडू उसळून बदली खेळाडूच्या खुर्चीवर बसलेल्या प्रतिस्पर्ध्याच्या गुडघ्याला लागून आत आला तरी चेंडू ड्रिबल करणाऱ्याच्या संघाने बाहेर घालवला असंच धरायचं. बसलेला माणूस बाहेर आहे आणि चेंडू त्याच्यापर्यंत नेला तो ड्रिबल करणाऱ्याने.

चेंडू कोणामुळे बाहेर गेला? ज्याचा शेवटचा स्पर्श, त्याच्यामुळे. चेंडू खेळाडूने मुद्दाम खेळला असो की नकळत त्याच्या पोटरीला लागला असो, फरक नाही. पण कलम २३ मध्ये एक अपवादासारखी गोष्ट आहे आणि ती अनेक प्रशिक्षकांनाही ठाऊक नसते. समोरच्याने फेकलेला चेंडू रेषेवर पाय असलेल्या खेळाडूला लागला, तर चेंडू बाहेर घालवला तो त्या रेषेवरच्या खेळाडूने. आक्रमकाने पास दिला, बचावपटूचा एक पाय साइडलाइनवर आहे आणि चेंडू त्याच्या मांडीला लागला, तर पुढचा थ्रो-इन, म्हणजे रेषेबाहेरून चेंडू आत टाकण्याची संधी, आक्रमकाच्याच संघाला.

आता सगळ्यात गोंधळाची जागा. चेंडू हातात घेतलेला खेळाडू आत आहे. त्याला रोखणाऱ्या बचावपटूचा एक पाय रेषेबाहेर आहे. चेंडू असलेल्याचा खांदा बचावपटूला लागला. चेंडूवाला बाहेर गेला का? नाही. नियमाचे शब्द असे आहेत की खेळाडू बाहेरच्या जमिनीला किंवा 'खेळाडू सोडून इतर कुठल्याही वस्तूला' लागला तर बाहेर. बाहेरचा माणूस ही वस्तू नाही. पण त्याच बचावपटूला चेंडू लागला, तर चेंडू बाहेर आणि तो बचावपटूमुळे. खांदा लागला तर खेळ चालू, चेंडू लागला तर शिट्टी. या दोहोंतला फरक ज्या पंचाला झोपेतून उठवून विचारला तरी सांगता येतो, त्याला साइडलाइन सांभाळायला द्यावी.

रेषेवर पाय ठेवून वाट अडवणाऱ्या बचावपटूबद्दल अमेरिकी शाळांचे नियम कडक आहेत. कायदेशीर बचावाची जागा घ्यायची तर त्याचे पाय मैदानातच हवेत. रेषेवर पाय टाकून दार बंद केलं आणि धडक झाली तर फाउल त्याच्यावर. कुठल्याही नियमाने खेळा, पण बचाव शिकवताना साइडलाइनचा तिसरा बचावपटू म्हणून उपयोग करायचा, स्वतः तिच्यावर उभं राहायचं नाही, हे मुलांच्या पायात बसवलेलं बरं.

ढकललं की गेला?

'त्याने ढकललं म्हणून पाय बाहेर गेला' या तक्रारीला पंचापुढे दोनच उत्तरं असतात. बचावपटूचा धक्का नियमबाह्य असेल तर फाउल. नसेल तर चेंडू बाहेर. 'ढकललं, पण फाउल नाही, म्हणून चेंडू त्यालाच परत' असा मधला मार्ग नियमात नाही. कित्येक नवशिके पंच वाद टाळायला हाच मार्ग काढतात आणि मग संध्याकाळभर दोन्ही बाकांकडून बोलणी खातात.

निवाडा कसा करायचा? बचावपटू आधी त्या वाटेवर पोहोचला होता का, त्याचं धड समोर होतं का, हात किंवा कंबर वापरून त्याने रेटलं का, आणि त्या स्पर्शामुळे चेंडूवाल्याचा तोल किंवा वाट बदलली का, हे बघायचं. साइडलाइनला समांतर धावणाऱ्याच्या कंबरेला बाजूने कोपर किंवा मांडी लागली आणि त्याचं पाऊल रेषेवर पडलं, तर तो फाउल आहे, मग स्पर्श कितीही हलका दिसो. मैदानाच्या मधोमध तोच स्पर्श पंच सोडून देईल, कारण तिथे काही बिघडत नाही. रेषेजवळ त्याच स्पर्शाने चेंडू जातो. उलट बचावपटू आधीच समोर उभा आहे, चेंडूवाला त्याला वळसा घालायला जागा नसताना घुसला आणि त्याचा पाय रेषेवर पडला, तर चेंडू गेला. जागा पुरेशी नव्हती ही आक्रमकाची अडचण.

दोघांनी चेंडू घट्ट धरला आहे, ओढाताण चालू आहे आणि एक जण त्यात रेषेबाहेर गेला, तर कोणाचीच चूक नाही. ही जंप बॉलची स्थिती. अशा वेळी चेंडू आळीपाळीने मिळावा म्हणून स्कोअर टेबलवर ठेवलेला बाण ज्या संघाच्या बाजूने असेल त्याला थ्रो-इन. शेवटचा स्पर्श कोणाचा याबद्दल दोन पंचांत मतभेद असेल किंवा दोघांनाही दिसलं नसेल, तरी हाच उपाय.

मुद्दाम बाहेर जाणं

आतापर्यंत चेंडूजवळचे प्रसंग पाहिले. चेंडू दुसऱ्याकडे असताना एखादा खेळाडू मुद्दाम बाहेर गेला तर काय? नियमपुस्तकं खरी वेगळी होतात ती इथे.

फिबात एक प्रसंग अधिकृत विवेचनात अगदी स्पष्ट लिहिला आहे. आक्रमक खेळाडू बास्केटखालच्या तीन सेकंदांच्या क्षेत्रात आहे, तीन सेकंद भरत आले, म्हणून तो एंडलाइनवरून, म्हणजे बास्केटमागच्या सीमारेषेवरून, बाहेर उतरला आणि पुन्हा त्याच क्षेत्रात आला. हा तीन सेकंदांचाच नियमभंग. बाहेर जाऊन घड्याळ नव्याने सुरू करता येत नाही. बास्केटखालचा पंच म्हणून उंच सेंटर खेळाडूंच्या पायांवर बारीक लक्ष ठेवतो. ज्याला खरोखर क्षेत्र सोडायचं असतं तो फ्री-थ्रो रेषेकडे किंवा कोपऱ्याकडे जातो. एंडलाइनपलीकडे पाऊल टाकून जागच्या जागी परतणाऱ्याचा हेतू लपत नाही.

एनबीएने याहून बरंच पुढे जाऊन आक्रमक संघाच्या खेळाडूंना बांधलं आहे. स्क्रीन लावण्यासाठी, म्हणजे साथीदाराला वाट मिळावी म्हणून बचावपटूच्या आड उभं राहण्यासाठी, पुढच्या एंडलाइनबाहेर जाणं हा तिथे नियमभंग आहे आणि चेंडू समोरच्या संघाला जातो. थ्रो-इन करायचा असेल, धावण्याच्या वेगाने बाहेर गेला असेल, दुखापत असेल, अशी कारणं सोडून आक्रमकाने मैदान सोडायचं नाही. कारण उघड आहे. एंडलाइनच्या मागून पळायची मुभा दिली तर मारा करणारा खेळाडू सगळ्या बचावपटूंच्या पाठीमागून, कोणाच्या आडकाठीविना, एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जाईल. बचावाला मैदान पन्नास फुटांचं आणि आक्रमणाला त्याहून मोठं, असं होऊन बसेल.

अमेरिकेत कॉलेजच्या पुरुषांच्या खेळात वेगळी अट आहे: स्वतःच्या मर्जीने बाहेर गेलेल्या खेळाडूने परत आल्यावर चेंडूला पहिला स्पर्श करायचा नाही. शाळांच्या नियमात २०२३-२४ च्या हंगामापासून हे असं मांडलं आहे: खेळाडूचा पाय बाहेर पडला म्हणून शिक्षा नाही, पण परत आल्यावर चेंडूला पहिला हात त्याचाच लागला, किंवा एखादा नियमभंग चुकवायलाच तो बाहेर गेला असेल, तर शिक्षा आहे. आधी शाळांच्या पंचांना 'हा कोणत्या कारणाने बाहेर गेला' हे मनात शिरून ठरवावं लागे. आता बहुतेक वेळा डोळ्यांना दिसणारी गोष्ट पुरते. हा बदल मला फार शहाणपणाचा वाटतो. पंचाला जितकं मन ओळखायला लावाल तितके निर्णय माणसागणिक बदलतील.

फिबात 'बाहेर जाऊन आलेल्याने पहिला हात लावायचा नाही' अशी अट नाही. आपल्याकडच्या सामन्यात एखादा खेळाडू गर्दीतून वाट काढताना एंडलाइनवर पाय टाकून आला आणि त्याने आत नीट पाऊल टेकवून पास घेतला, तर खेळ चालू ठेवायचा. अमेरिकी व्हिडिओ बघून आलेला प्रशिक्षक इथे हमखास उठून उभा राहतो. मात्र एखादा संघ हे डावपेच म्हणून वारंवार करू लागला तर पंच हात बांधून बसलेला नाही. तो बोलून समज देऊ शकतो आणि समज धुडकावली तर टेक्निकल फाउल, म्हणजे धक्क्याबद्दल नव्हे तर वागणुकीबद्दलचा फाउल, आहेच.

थ्रो-इन: जिथे बाहेर असणंच नियम आहे

थ्रो-इन करणाऱ्याचे बहुतेक नियमभंग त्याला 'रेषा बाहेरची आहे' हे पुरतं न समजल्यामुळे होतात. त्याचा पाय रेषेवर असला तरी चालतो, कारण रेषा बाहेरच आहे. चेंडू हातात असताना पाय रेषा ओलांडून आत टेकला तर मात्र चेंडू गेला. चेंडू मिळाल्यापासून त्याच्याकडे ५ सेकंद असतात. पंचाने नेमून दिलेल्या जागेवरून तो बाजूला एकूण १ मीटर सरकू शकतो, सरळ मागे मात्र जागा असेल तितका. समोरच्या संघाने बास्केट केल्यानंतर एंडलाइनमागून थ्रो-इन असेल तर तो हवा तितका इकडेतिकडे पळू शकतो, आणि त्याचा साथीदारही एंडलाइनमागे येऊन त्याच्याकडून चेंडू घेऊ शकतो. पण ५ सेकंद पहिल्याच्या हातात चेंडू आल्यापासूनचेच. हाच प्रकार कोणी साइडलाइनच्या थ्रो-इनला केला, म्हणजे साथीदार बाहेर उभा राहून पास घेऊ लागला, तर चेंडू समोरच्यांना.

सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक अशी: थ्रो-इन करणारा चेंडू टाकतो आणि लगेच परत पास घ्यायला आत शिरतो. पास लवकर येतो, एक पाय अजून रेषेवर असतो. झाला चेंडू बाहेर. पास टाकल्यावर आधी दोन पावलं आत, मग हात पुढे, एवढी सवय लावली तरी प्रत्येक सामन्यात एखाद-दुसरा चेंडू वाचेल.

बचावपटूनेही थ्रो-इनच्या वेळी रेषेच्या पलीकडे हात न्यायचा नाही. चौथ्या क्वार्टरच्या आणि जादा वेळेच्या शेवटच्या दोन मिनिटांत पंच थ्रो-इनच्या आधी रेषेवरून हात फिरवून तसा इशारा देतो. त्यानंतर बचावपटूचा हात पलीकडे गेला तर थेट टेक्निकल फाउल, म्हणजे समोरच्यांना एक फ्री-थ्रो आणि चेंडूही त्यांचाच.

कोण कुठली रेषा बघतो

दोन पंचांच्या सामन्यात मागे राहणारा, म्हणजे ट्रेल, स्वतःच्या बाजूची साइडलाइन आणि मध्यरेषा बघतो. पुढे बास्केटखाली जाणारा, म्हणजे लीड, एंडलाइन आणि समोरची साइडलाइन. म्हणजे दोन साइडलाइनपैकी एक नेहमी लांबून बघितली जाते आणि चुका तिथेच जास्त होतात. तीन पंच असले की दोन्ही साइडलाइनवर माणूस असतो आणि हा त्रास जातो. ज्याची रेषा त्याचा निर्णय. त्याला दिसलं नसेल तर त्याने हात वर करून घड्याळ थांबवावं, दिशा दाखवण्याआधी साथीदाराकडे बघावं आणि मग बोट करावं. आधी दिशा आणि मग विचारपूस, असं झालं की पुढचा प्रत्येक निर्णय संशयाचा ठरतो.

मोठ्या सामन्यांत व्हिडिओची मदत असते, पण तिलाही मर्यादा आहेत. चेंडू कोणामुळे बाहेर गेला हे फिबाचे पंच स्वतःहून व्हिडिओवर तपासू शकतात ते चौथ्या क्वार्टरच्या आणि जादा वेळेच्या शेवटच्या दोन मिनिटांतच. एनबीएत २०१९-२० पासून प्रशिक्षक असा निर्णय आव्हान देऊन तपासायला लावू शकतात. व्हिडिओने एक जुनी सवय मोडली आहे. बचावपटूने चेंडूला फटका मारला की पंच सरळ चेंडू आक्रमकाला देत असत. संथ चित्रात बऱ्याचदा दिसतं की फटका बसल्यावर चेंडू आक्रमकाच्याच बोटांना घासून गेला. शब्दशः बघितलं तर शेवटचा स्पर्श त्याचा आणि चेंडू समोरच्यांचा.

गावोगावच्या कोर्टवर व्हिडिओ नसतो, कित्येकदा तिसरा पंचही नसतो. तिथे काम भागतं ते स्वच्छ रंगवलेल्या रेषेवर आणि रेषेबाहेरच्या मोकळ्या जागेवर. नियम सांगतो की मैदानाभोवती किमान २ मीटर काही अडथळा नको, संघाचा बाकही त्याच्या पलीकडे हवा. मुंबई-पुण्यात शाळांच्या आवारात भिंत, कुंपण किंवा झाडाचा कट्टा रेषेला चिकटून असतो. तिथे वाचवायला झेपावणारा खेळाडू भिंतीवर आदळतो, हे आधी टाळायचं. थ्रो-इनच्या जागी बाहेर २ मीटरपेक्षा कमी जागा असेल तर बचावपटूला थ्रो-इन करणाऱ्यापासून किमान १ मीटर लांब ठेवायचं, हा नियम याच अडचणीसाठी आहे. सामना सुरू होण्यापूर्वी दोन्ही कर्णधारांना ती जागा पायाने दाखवावी, पुसट झालेली रेषा खडूने ठळक करून घ्यावी आणि एंडलाइनवर ठेवलेल्या बॅगा, बाटल्या, सायकली हलवायला लावाव्यात.